थाळनेरच्या भाचीची गाणी : जुन्या लताबाई ऐकायला सुरुवात कुठून करावी

रीलवर ‘लग जा गले’ कानावर पडलं, आवडलं, पूर्ण गाणं शोधून पुन्हा पुन्हा ऐकलं. आता पुढे काय ऐकू? जळगाव-धुळ्याकडची कॉलेजातली पोरं-पोरी हल्ली हा प्रश्न विचारतात तेव्हा मला मनापासून बरं वाटतं. पण उत्तर म्हणून त्यांच्या हाती बहुतेक वेळा ‘लताची शंभर अमर गाणी’ अशी एखादी यादी पडते. ती दोन दिवसांत ऐकून होते आणि महिन्याभरानं त्यातलं एकही गाणं धड गुणगुणता येत नाही. म्हणून इथे गाण्यांची संख्या कमी ठेवली आहे आणि ऐकायची रीत जास्त सांगितली आहे. माझं म्हणणं एवढंच, की गाणी गोळा करू नका, संगीतकार धरा. एका वेळी एक संगीतकार, त्याची चार-पाच गाणी, आणि तीच ती पुन्हा.

आधी थोडी ओळख

लता मंगेशकरांचा जन्म २८ सप्टेंबर १९२९ चा, इंदूरचा. वडील मास्टर दीनानाथ नाटकवाले, गायक. आई शेवंती, म्हणजे माई, आपल्या शिरपूर तालुक्यातल्या थाळनेरच्या हरिदास लाड यांची लेक. तापीकाठचं हे गाव फारुकी सुलतानांचं पहिलं ठाणं म्हणून इतिहासात येतं. त्यांच्या कबरी आणि किल्ल्याचे अवशेष आजही तिथे आहेत. गावाच्या रीतीनं लताबाई थाळनेरच्या भाची. आजोळी आजीच्या तोंडून गुजराती गरबे आणि लोकगीतं त्यांच्या कानावर पडली. ज्यांच्या घरी भाद्रपदात गुलाबाई बसते किंवा श्रावणात कानबाईची गाणी रात्रभर चालतात, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. सोपी चाल, ठसठशीत ठेका आणि ओळ संपता संपता पुढची ओळ उचलायची सवय, हे शिक्षण कुठल्याही वर्गाआधी घरातच मिळतं.

दीनानाथ २४ एप्रिल १९४२ रोजी गेले तेव्हा लता बारा वर्षांची होती. घर चालवायला आधी मराठी सिनेमात छोट्या भूमिका केल्या, मग मुंबईत अमान अली खाँ भेंडीबाजारवाले यांच्याकडे गाणं शिकणं झालं. त्या काळी जड, भरदार आवाजांची चलती होती. फिल्मिस्तान या सिनेमाकंपनीच्या मुखर्जींना हा आवाज फार बारीक वाटला. संगीतकार गुलाम हैदर यांनी मात्र तो ओळखला आणि १९४८ च्या ‘मजबूर’मध्ये ‘दिल मेरा तोड़ा’ गाऊन घेतलं. पुढच्याच वर्षी ‘महल’, ‘बरसात’, ‘अंदाज़’ आणि ‘बड़ी बहन’ आले आणि हिंदी सिनेमाचं गाणं बदललं. सुरुवात करायला एवढा इतिहास पुरे.

पहिली पायरी : अस्सल गाणं हातात आहे का ते पाहा

यात नव्या माणसाची सगळ्यात जास्त फसगत होते. मोबाइलवर गाण्याचं नाव टाकलं की वीस गोष्टी समोर येतात आणि त्यातल्या निम्म्या मूळ गाणं नसतात.

पहिला प्रकार ‘झंकार’वाल्यांचा. जुन्या मुद्रणावर नंतर ढोलक, ड्रम चढवलेले असतात. मूळ तबला त्याखाली दबतो आणि आवाज मागे गेल्यासारखा वाटतो. दुसरा प्रकार कव्हरचा. स्वस्त कॅसेटच्या जमान्यात जुनी गाणी दुसऱ्या गायिकांकडून गाऊन घेतलेली होती, ती आजही लताबाईंच्या फोटोखाली फिरतात. तिसरा प्रकार ओळखायला अवघड. हक्काच्या भानगडीतून सुटायला काही लोक गाण्याची गती किंचित वाढवून किंवा कमी करून चढवतात. गती वाढली की पट्टीही वर जाते आणि आधीच उंच असलेला आवाज टोचायला लागतो. ‘लताचा आवाज फार चिरका आहे’ असं म्हणणाऱ्यांपैकी कितीतरी जणांनी असंच पळवलेलं गाणं ऐकलेलं असतं.

उपाय साधा आहे. एचएमव्ही म्हणजे आजची सारेगामा, बहुतेक जुन्या गाण्यांचे हक्क तिच्याकडे आहेत. तिच्या अधिकृत वाहिनीवरचं किंवा कुठल्याही नीट ॲपवरचं गाणं घ्या. सोबत सिनेमाचं नाव, वर्ष, संगीतकार आणि गीतकार हे चारही आहेत ना ते बघा. चारपैकी दोनच लिहिलेले असतील तर सावध राहा. शंका आली तर दोन ठिकाणची मुद्रणं लागोपाठ वाजवा, गतीतला फरक लगेच कळतो.

साधनांवर पैसे घालवायची गरज नाही. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत बहुतेक गाणी मोनो, म्हणजे दोन्ही कानांत एकच. एका कानात इयरफोन घालून दुकानाच्या गल्ल्यावर बसून ऐकलं तरी काही निसटत नाही. आकाशवाणी जळगाव, विविध भारती आजही आहेत. रेडिओचा मोठा गुण असा, की पुढचं गाणं तुम्ही निवडलेलं नसतं.

आणि पहिल्यांदा ऐकताना चित्र पाहू नका. मोबाइल पालथा ठेवा. साधना किंवा मीनाकुमारी समोर आली की डोळे तिच्याकडे जाणार आणि कान अर्धे बंद होणार. सिनेमा नंतर अवश्य बघा.

दुसरी पायरी : मदनमोहनपासून सुरुवात

तुम्ही ‘लग जा गले’वरून आला असाल तर अर्धं काम झालंच आहे. हे गाणं १९६४ च्या ‘वो कौन थी’मधलं, शब्द राजा मेहदी अली खाँ यांचे, संगीत मदनमोहन यांचं. आता हाच धागा धरायचा.

याच सिनेमातलं ‘नैना बरसे रिमझिम’ घ्या. चित्रीकरणाची वेळ आली तेव्हा लताबाईंच्या आवाजातलं मुद्रण झालेलं नव्हतं, म्हणून मदनमोहन यांनी स्वतःच्या आवाजात गाणं मुद्रित करून त्यावर चित्रीकरण उरकायची सोय केली. त्यांच्या आवाजातलं ते गाणं आज ऐकायला मिळतं. आधी ते ऐका, मग लताबाईंचं ऐका. चाल तीच, जागा त्याच. संगीतकाराच्या गळ्यात गाण्याचा नकाशा होता आणि लताबाईंनी त्यात काय घातलं, ते इतकं स्पष्ट दुसरीकडे कुठे दिसत नाही. मदनमोहनांच्या आवाजात गझल सांगणाऱ्याची आर्जवं आहेत. लताबाईंच्या आवाजात ती व्यक्तीच निघून जाते आणि फक्त हाक राहते. माझ्या मते नव्या माणसानं पहिल्या महिन्यात करायचा हा सगळ्यात मोलाचा अभ्यास आहे.

त्यानंतर ‘अनपढ़’ (१९६२) मधलं ‘आप की नज़रों ने समझा’. मग ‘अदालत’ (१९५८) मधलं ‘उनको ये शिकायत है’. हे मालगुंजी रागावर आहे, पण रागाचं नाव तूर्त विसरा आणि फक्त एवढं बघा, की दुःखाचं गाणं असून आवाज कुठे रडत नाही. रडणं गाणाऱ्यानं करायचं नसतं, हे लताबाईंना फार लवकर कळलं होतं. मग ‘संजोग’ (१९६१) मधलं ‘वो भूली दास्ताँ’, ‘मेरा साया’ (१९६६) मधलं भीमपलासीतलं ‘नैनों में बदरा छाए’ आणि सगळ्यात शेवटी ‘दस्तक’ (१९७०) मधलं ‘माई री’.

ही गाणी तीन-चार आठवडे तरी चालवा. रोज नवं गाणं हवंच असा हट्ट धरू नका. मदनमोहन १९७५ मध्ये गेले, पण त्यांच्या न वापरलेल्या चालींवर २००४ चा ‘वीर-ज़ारा’ उभा राहिला आणि त्यातही लताबाई गायल्या. तिथलं ‘तेरे लिए’ ऐकलं असेल तर तोही याच घरचा माणूस.

तिसरी पायरी : ऐकायचं काय?

‘छान आहे’ म्हणण्यापलीकडे जायचं असेल तर कानाला काम द्यावं लागतं. तीन कामं सांगतो.

पहिलं, श्वास शोधा. ओळ चालू असताना लताबाई श्वास कुठे घेतात ते शोधून पाहा. बहुतेक वेळा सापडणार नाही. संगीतकार अनिल विश्वास यांनी माइकसमोर श्वास ऐकू येऊ न देता कसा घ्यायचा हे शिकवलं, असं त्या स्वतः सांगत. अनिलदांचंच ‘तराना’ (१९५१) मधलं ‘सीने में सुलगते हैं अरमाँ’ तलत महमूदबरोबर आहे. त्यात एक आवाज कापरा आणि दुसरा स्थिर, दोघांचे श्वास निरनिराळे. दोन-तीनदा ऐकलं की आपोआप लक्षात येईल.

दुसरं, सुरुवात नीट ऐका. ‘महल’मधलं ‘आएगा आनेवाला’ काढा. खेमचंद प्रकाश यांचं संगीत, नक्शब यांचे शब्द. सुरुवातीच्या ओळींना ठेका नाही, आवाज दुरून येतो आणि हळूहळू जवळ होतो. आज हे बटण फिरवून करतात. तेव्हा माइक खोलीच्या मध्ये ठेवला होता आणि लताबाई लांब कोपऱ्यातून गात गात माइकच्या दिशेनं चालत आल्या. मुखड्याच्या, म्हणजे गाण्याच्या ध्रुवपदाच्या वेळी त्या बरोबर माइकपाशी पोचायला हव्या होत्या. पाऊल आणि सूर दोन्ही चुकू द्यायचं नाही. हे माहीत झाल्यावर ते गाणं पुन्हा ऐका, अंतर कमी होताना जाणवतं. या गाण्याच्या रेकॉर्डवर गायिका म्हणून ‘कामिनी’ असं छापलं होतं. ते सिनेमातल्या पात्राचं नाव, कारण पार्श्वगायकाचं नाव लिहायची पद्धतच पक्की नव्हती. ऐकणाऱ्यांनी रेडिओला विचारून विचारून नाव काढून घेतलं.

तिसरं, वाद्यांकडे कान द्या. त्या काळी गायक आणि सगळे वादक एकाच वेळी, एकाच दालनात वाजवत. कुणा एकाचं चुकलं की सगळ्यांनी पहिल्यापासून. त्यामुळे आवाजाच्या मागे बासरी, सतार, व्हायोलिन एकमेकांकडे बघून वाजतात, आणि ते ऐकू येतं. मदनमोहनांच्या गाण्यांत सतार बहुतकरून रईस खाँची. ती गाण्याच्या मधल्या जागा भरत नाही, गाण्याला उत्तर देते.

यातलं एक उदाहरण तर आपल्याकडच्या प्रत्येक लग्नात वाजतं. वरातीत बँडवाल्यांनी ‘मन डोले’ची बीन सुरू केली की खान्देशात कोण जागेवर उभा राहतो? तो सिनेमा ‘नागिन’ (१९५४), संगीत हेमंतकुमारांचं. आणि ती बीन गारुड्याची बीन नाहीच. कल्याणजींनी, पुढे आनंदजींबरोबर जोडी झाली तेच कल्याणजी, क्लॅव्हायोलिन नावाच्या विजेवर चालणाऱ्या छोट्या वाद्यावर ती वाजवली आणि साथीला रवी हार्मोनियमवर होते. बँडमधलं नेहमीचं गाणं म्हणून सोडून न देता मूळ मुद्रण एकदा शांतपणे ऐका. बिनेच्या घुमाऱ्यात लताबाईंचा आवाज किती सरळ रेषेत चालतो ते बघा. नाचायच्या गाण्यातही एक हरकत, म्हणजे गळ्याची छोटी फिरत, जास्तीची नाही.

चौथी पायरी : शब्दांशी गट्टी

गाण्यांची भाषा हिंदी म्हणतात, पण अर्धे शब्द उर्दू. आपण मराठी माणसं ‘ज़’ला ‘ज’ म्हणून मोकळे होतो. लताबाईंचाही सुरुवातीला हाच प्रश्न होता. मुंबईच्या लोकलमध्ये अनिल विश्वास यांनी दिलीपकुमार यांच्याशी ओळख करून दिली तेव्हा मराठी मुलीच्या उर्दूला वरण-भाताचा वास यायचा, अशा अर्थाचं काहीतरी ते बोलून गेले. तिनं ते मनावर घेतलं आणि मौलवींकडे उर्दूचे धडे सुरू केले. दोन-तीन वर्षांनंतरची गाणी ऐका. ‘ख़’, ‘ग़’, ‘क़’ इतके स्वच्छ, की लखनौच्या माणसानं बोट ठेवू नये.

तुम्ही काय करायचं? गाण्याचे शब्द एका वहीत हातानं लिहून काढा. न कळलेल्या शब्दाखाली रेघ मारा आणि अर्थ शोधा. इंटरनेटवर उर्दू शब्दकोश आहेत, पण जळगाव, भुसावळ, धुळे, नंदुरबारमध्ये उर्दू शाळा आहेत, शेजारी उर्दू बोलणारी घरं आहेत. कुणा मास्तरांना किंवा शेजारच्या चाचांना दोन शब्द विचारा. एका शब्दाबद्दल विचारायला जाल आणि अख्ख्या गझलेचा अर्थ ऐकून याल, शिवाय चहा होईल तो वेगळा.

शब्दांसाठीच ऐकायचं म्हणून एक गाणं सुचवतो : ‘बाज़ार’ (१९८२) मधलं ‘दिखाई दिये यूँ’. शब्द अठराव्या शतकातल्या मीर तक़ी मीरचे, संगीत खय्याम यांचं. या सिनेमाची नायिका स्मिता पाटील, त्यांचं घर शिरपूरचं, म्हणजे पुन्हा आपलं शिरपूर. लताबाईंच्या आवाजाला तेव्हा वय जाणवायला लागलं होतं, पण शब्द उच्चारण्यातली अदब पूर्वीपेक्षा वाढलीच होती.

पाचवी पायरी : पुढचे संगीतकार

मदनमोहन अंगवळणी पडले की मग एकेक दार उघडा.

सी. रामचंद्र. आपल्या नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे. ‘अनारकली’ (१९५३) मधलं ‘ये ज़िंदगी उसी की है’ दोन रूपांत आहे, एक प्रेमाच्या भरातलं आणि एक शेवटचं, निरोपाचं. दोन्ही लागोपाठ ऐका. पहिल्यात आवाज पुढे धावतो, दुसऱ्यात प्रत्येक ओळीनंतर थांबतो. चाल मात्र तीच.

सलील चौधरी. ‘मधुमती’ (१९५८) मधलं ‘आजा रे परदेसी’. फिल्मफेअरनं पार्श्वगायनासाठी पुरस्कार सुरू केला तो आधी याच गाण्याला मिळाला. पण सलीलदांसाठी मी नव्या माणसाला आधी ‘परख’ (१९६०) मधलं ‘ओ सजना बरखा बहार आई’ देईन. शैलेंद्र यांचे शब्द. सलीलदांची चाल ऐकायला सोपी आणि गायला महाकठीण. गुणगुणून बघा, दुसऱ्या ओळीतच कळेल.

नौशाद. ‘बैजू बावरा’ (१९५२) आणि ‘मुग़ल-ए-आज़म’ (१९६०). ‘प्यार किया तो डरना क्या’ सगळ्यांना माहीत असतं. त्याच सिनेमातलं केदार रागातलं ‘बेकस पे करम कीजिए’ कमी लोक ऐकतात, ते तुम्ही ऐका.

शंकर-जयकिशन यांच्यासाठी ‘चोरी चोरी’ (१९५६) मधलं ‘रसिक बलमा’ आणि ‘सीमा’ (१९५५) मधलं जयजयवंतीतलं ‘मनमोहना बड़े झूठे’ पुरेत. सचिनदेव बर्मन यांचं ‘नौजवान’ (१९५१) मधलं ‘ठंडी हवाएँ’ आधी, मग मधल्या काही वर्षांच्या अबोल्यानंतरचं ‘बंदिनी’ (१९६३) मधलं ‘मोरा गोरा अंग लै ले’, हे गुलज़ार यांचं सुरुवातीचं गीत, आणि शेवटी ‘गाइड’ (१९६५). रोशन यांचं ‘ममता’ (१९६६) मधलं ‘रहें ना रहें हम’, जयदेव यांचं ‘हम दोनों’ (१९६१) मधलं ‘अल्ला तेरो नाम’. ही नुसती दारं आहेत. आत किती वेळ थांबायचं ते तुम्ही ठरवा.

ओ. पी. नय्यर यांची गाणी शोधत बसू नका. त्यांच्याकडे लताबाई गायल्याच नाहीत.

मराठी कानाला सगळ्यात जवळचं वाटेल असं एक गाणं मुद्दाम मागे ठेवलं आहे. ‘भाभी की चूड़ियाँ’ (१९६१) मधलं ‘ज्योति कलश छलके’. संगीत बाबूजींचं, म्हणजे सुधीर फडके यांचं, शब्द पंडित नरेंद्र शर्मांचे. सिनेमा मराठी ‘वहिनींच्या बांगड्या’वरून केलेला. भूपाळी आपण लहानपणापासून ऐकतो, त्यामुळे हे गाणं परकं वाटतच नाही.

सहावी पायरी : कोणत्या वेळी काय

उन्हाळ्यात आपल्याकडे पारा पंचेचाळीसकडे जातो, तेव्हा दुपारी गझला ऐकण्यात अर्थ नाही. कूलरच्या घरघरीत बारकावे मरतात. गच्चीवर झोपत असाल तर पहाटे, पाखरं जागी व्हायच्या आधी ‘ज्योति कलश छलके’ आणि ‘जागते रहो’ (१९५६) मधलं ‘जागो मोहन प्यारे’ लावा. रात्री अंथरुणावर पडल्यावर ‘ख़ामोशी’ (१९६९) मधलं ‘हमने देखी है’ किंवा ‘अनुपमा’ (१९६६) मधलं ‘कुछ दिल ने कहा’. दोन्ही हेमंतकुमारांची, दोन्हींत लताबाई जवळजवळ कानात बोलतात. कापूस पेरून पावसाची वाट बघण्याचे दिवस आले की ‘ओ सजना’ आणि ‘बहाना’ (१९६०) मधलं यमनातलं ‘जा रे बदरा बैरी’. पाऊस लांबला असेल त्या दिवसांत हे दुसरं गाणं शेतकऱ्याच्या घरात फार वेगळं ऐकू येतं.

एसटीच्या प्रवासात मात्र बारीक गाणी नकोत. शिरपूर-चोपडा रस्त्यावर खिडकीच्या आवाजात ‘उनको ये शिकायत है’ वाया जातं. तिथे ‘आज़ाद’ (१९५५) मधलं ‘कितना हसीं है मौसम’ चालतं.

सातवी पायरी : युगुलगीतं आणि एक हमखास गफलत

भुसावळहून बऱ्हाणपूर सोडलं की पुढे खंडवा, किशोरकुमारांचं गाव. तेही १९२९ चेच, लताबाईंपेक्षा दोन महिन्यांनी मोठे. ‘अभिमान’ (१९७३) मधलं ‘तेरे मेरे मिलन की ये रैना’ आणि ‘आँधी’ (१९७५) मधलं ‘तेरे बिना ज़िंदगी से’ या दोन गाण्यांत दोघं एकमेकांना जागा कशी करून देतात ते बघा.

मोहम्मद रफींबरोबरची युगुलगीतं मोजता येणार नाहीत इतकी. पण साठच्या दशकात रॉयल्टीच्या मुद्द्यावरून दोघांचं बिनसलं आणि काही वर्षं त्यांनी एकत्र गायचं बंद केलं. नेमक्या त्या काळात सुमन कल्याणपूर रफींबरोबर खूप गायल्या, आणि त्यांचा आवाज लताबाईंच्या इतका जवळचा, की आजही गाणी त्यांची आणि नाव लताबाईंचं असं होतं. ‘ना ना करते प्यार’ (‘जब जब फूल खिले’, १९६५) आणि ‘आजकल तेरे मेरे प्यार के चर्चे’ (‘ब्रह्मचारी’, १९६८) ही दोन्ही सुमनताईंची. कुणी लता म्हणून पाठवली तर आनंदानं ऐका, पण नाव दुरुस्त करून पुढे पाठवा. ज्या गळ्यानं ते गाणं गायलं त्याला त्याचं श्रेय मिळालंच पाहिजे. ‘मेरा साया’मधलं ‘झुमका गिरा रे’ आशाबाईंचं, हेही वहीत लिहून ठेवा.

स्वतः गायचं असेल तर

आता गावोगावी कराओकेचे ग्रुप आहेत आणि बायका मोठ्या हौसेनं गातात. त्यांना एकच सांगतो, मूळ पट्टीचा हट्ट सोडा. लताबाईंचा तार सप्तक त्यांचा होता. ट्रॅक दोन-तीन सूर खाली मिळतो, तो घ्या आणि आपल्या पट्टीत गा. गळा ताणून मूळ पट्टीत गायलं की हरकती निघतात, पण शब्द मोडतात. सुरुवातीला ‘रसिक बलमा’ला हात लावू नका. ‘रजनीगंधा फूल तुम्हारे’ (१९७४) घ्या. बेताची चाल आहे आणि चूक झाली तर लगेच कळते.

आठवी पायरी : चारजण मिळून ऐकणं

एकट्यानं ऐकून जे सुटतं ते चौघांत सापडतं. थंडीत शेतात भरीत होतंच. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजायला वेळ लागतो, तो वेळ गाण्यांचा. एक लहान स्पीकर, चार-पाच गाणी, त्याहून जास्त नको. गाणं चालू असताना कुणी बोलायचं नाही, मोबाइल हातात नको. गाणं संपल्यावर ज्यानं ते निवडलं त्यानं सिनेमा, संगीतकार, गीतकार सांगायचा आणि बाकीच्यांनी आपल्याला काय ऐकू आलं ते. मग तेच गाणं दुसऱ्यांदा. हे दुसऱ्यांदा लावणं कधीच टाळू नका, खरी मजा तिथेच असते.

एखाद्या आजोबांना, आत्याबाईंना मुद्दाम बोलवा. ज्यांनी रेडिओ सिलोनला कान लावून बुधवारची बिनाका गीतमाला ऐकली त्यांच्याकडे प्रत्येक गाण्याबरोबर एक आठवण असते. त्यांना आधी बोलू द्या, तुमची माहिती नंतर सांगा.

पहिल्या बैठकीसाठी क्रम असा ठेवा : ‘आएगा आनेवाला’, मदनमोहनांच्या आवाजातलं ‘नैना बरसे’, लगेच लताबाईंचं ‘नैना बरसे’, मग ‘जा रे बदरा बैरी’. भरीत-कळण्याची भाकरी झाल्यावर ‘ओ सजना’. उठायच्या आधी पुढच्या बैठकीचा संगीतकार ठरवा आणि प्रत्येकानं त्याचं एकेक गाणं शोधून आणायचं सांगा. मी असेन तर सलील चौधरींचं नाव सुचवेन.